स्पे नदीचा वारा आणि १३ फुटी रॉड: सहा महिन्यांच्या वापरानंतर

हा फ्लाय फिशिंगचा, म्हणजे किड्यासारख्या नकली आमिषाने (फ्लाय) मासे धरण्याचा, दोन हाती रॉड: १३ फूट, ८ नंबरचा (नंबर लाईनच्या वजनाचा), चार तुकड्यांचा. सोबत दोन लाईन: ३५ ग्रॅमचं (५४० ग्रेन) ३८ फुटी तरंगतं स्कँडी हेड (हेड म्हणजे लाईनचा पुढचा जड भाग) आणि ३७ ग्रॅमचं २३ फुटी स्कॅजिट. एप्रिल ते सप्टेंबरअखेर सगळा वापर स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवरच.

ही नदी साधारण ईशान्येला वाहते आणि तिथला नेहमीचा वारा नैऋत्येचा, म्हणजे बहुतेक दिवस वारा प्रवाहाबरोबरच सुटतो. अशा वाऱ्यात सिंगल स्पे मारूच नये (स्पे कास्ट म्हणजे लाईन मागे पूर्ण न उलगडता पाण्याच्या आधाराने मारायची फेक). त्यात अँकर, म्हणजे पाण्याला धरून ठेवणारं लाईनचं टोक, प्रवाहाच्या वरच्या अंगाला पडतो आणि फ्लाय सरळ कानाकडे येते. डबल स्पे किंवा स्नेक रोल या फेकी घ्या. अँकर खालच्या अंगाला राहतो. उजव्या काठावर (प्रवाहाच्या दिशेने पाहता) हे उजव्या खांद्यावरून होतं, डाव्या काठावर मात्र डावा हात वर घ्यावा लागतो. त्याचा कंटाळा असेल तर महागातला रॉडही कामाचा नाही.

रॉडचा बुंधा दमदार, टोक जरा मऊ. शांत हवेत मजा येते. समोरून वारा आला की वरच्या हाताने ढकलायचा मोह होतो, टोक जास्त वाकतं आणि लूप, म्हणजे हवेत उलगडणारा लाईनचा वळसा, उघडा पडतो. खालचा हात पोटाकडे ओढायचा, कास्टची दिशा नेहमीपेक्षा खाली ठेवायची. पाठीमागून वारा असेल तर डी लूप (रॉडमागे होणारा लाईनचा इंग्रजी D सारखा वळसा) फुगतच नाही, वारा त्याला पुढे लोटतो. तेव्हा स्वीप, म्हणजे रॉड मागे फिरवणं, खालून आणि जोरात.

स्कँडीवर १५ फुटी लीडर (लाईन आणि फ्लायमधला बारीक दोरा) समोरच्या वाऱ्यात शेवटी गोळा होऊन पडतो. १२ फुटांवर आणला की सुधारतो, पण २५-३० किलोमीटरचा वारा असला तर स्कॅजिटच लावा: १० फूट टी-१० टिप (बुडणारं टोक) आणि ४ फूट लीडर. वजन आखूड लांबीत एकवटलेलं असल्याने वाऱ्याला पुरून उरतं. मात्र पाण्यावर धपकन पडतं, ऑगस्टच्या उतरलेल्या पाण्यात मासा बिचकतो. शिवाय दर कास्टला रनिंग लाईन (हेडमागची बारीक लाईन) खूप ओढावी लागते. वेटोळी पहिलं मोठं, पुढची लहान अशी धरा. सगळी सारखी ठेवली तर वाऱ्याने एकमेकांत गुंततात, नाहीतर रीलच्या मुठीला अडकतात.

खरी तक्रार सांध्यांची. स्पे कास्टमध्ये रॉडला पीळ बसतो, वाऱ्यात जोर वाढतो तसा पीळही. या रॉडचा वरून दुसरा सांधा तासाभरात सैल होतो. ओळखायचं कसं? लाईन ओवायच्या रिंगा एका रेषेत दिसत नाहीत. तसंच मारत राहिलं तर आतला तुकडा हलतो आणि बाहेरच्या तुकड्याची कड चिरते. जोडण्याआधी आतल्या टोकाला पांढरं मेण चोळा, वरून इलेक्ट्रिकची टेप दोन वेढे घट्ट. दिसायला गबाळं, पण मेण-टेप सुरू केल्यापासून सांधा हललेला नाही. टेप संध्याकाळी काढा, नाहीतर चिकटा राहतो.