स्लॅगसाठी सपाट प्रोबचा उष्णतावाहकता मापक: घ्यावा का?

गोव्यातल्या आमोण्याच्या झोतभट्टीची दाणेदार स्लॅग (लोखंड वितळवताना वर तरंगणारी मळी) सिमेंटला जाते तेव्हा तिची घटना आणि तिच्यात काच किती, हे पाहिलं जातं. उष्णता कशी वाहते हे कोणी विचारत नाही. पण त्याच स्लॅगपासून विटा किंवा उष्णता साठवायचे ठोकळे करायचे म्हटले की आधी तोच आकडा लागतो. आयएसओ २२००७-२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीवर चालणारा, टेबलावर मावणारा सपाट प्रोबचा मापक गोव्यातल्या लहान प्रयोगशाळेला परवडेल का आणि पुरेल का, याचं हे परीक्षण. मत आधीच सांगतो: काचमय (झटकन थंड झालेल्या) स्लॅगला उत्तम, स्फटिकी (सावकाश थंड झालेल्या) स्लॅगला जुळवणी बदलली तरच, आणि महागडी भट्टी जोडून घ्यायची घाई नको.

प्रोब म्हणजे कॅप्टॉन या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या दोन पातळ पापुद्र्यांत बसवलेली निकेलची चक्राकार पट्टी. ती एकाच स्लॅगच्या दोन चकत्यांमध्ये दाबून धरायची. पट्टी तापवते तीच आणि तापमान मोजते तीही तीच. ६.४ मिलिमीटर त्रिज्येचा प्रोब आकर्षक वाटतो, पण त्याला किमान ३५ मिलिमीटर व्यासाच्या, १० मिलिमीटर जाड चकत्या लागतात. एवढी मोठी काच न तडकता ओतणं हे रोजचं काम नव्हे. ३.२ मिलिमीटरचा घ्या. २० मिलिमीटर व्यास, ६ मिलिमीटर जाडी, काम झालं.

आता खरी गोम. काचमय स्लॅगची वाहकता साधारण १.२ वॅट प्रति मीटर-केल्विन असते आणि विसरणक्षमता (उष्णता किती वेगाने पसरते त्याचं माप) सेकंदाला अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या आसपास. १० सेकंदांच्या मोजणीत उष्णता साडेचार मिलिमीटर आत जाते, म्हणजे चकतीच्या पोटातच राहते. स्फटिकी स्लॅगची विसरणक्षमता पाऊण चौरस मिलिमीटरपर्यंत जाते आणि त्याच १० सेकंदांत उष्णता साडेपाच मिलिमीटर गाठते. चकती घासून ५ मिलिमीटरवर आलेली असेल तर उष्णता मागच्या पृष्ठाला धडकलीच. तापमानाच्या आलेखाची शेपटी वर वळते, सॉफ्टवेअर मात्र मुकाट्याने आकडा देतं. स्फटिकी नमुन्याला वेळ ७ सेकंदांवर आणा. ही सूचना मॅन्युअलमध्ये ठळक छापायला हवी होती. शक्ती ०.१ वॅट पुरे, तापमानवाढ दोनेक अंशांची मिळते. पहिल्या अर्ध्या सेकंदातले बिंदू वगळा, ते प्रोब आणि चकती यांच्यातल्या फटीचे असतात. दोन मोजण्यांत २० मिनिटं तरी जाऊ द्या.

सोबत येणारा तपासणीचा ठोकळा स्टेनलेस स्टीलचा, वाहकता १४ च्या घरात. स्लॅगच्या दसपट! त्यावर यंत्र बरोबर दिसलं म्हणून स्लॅगवर बरोबर असेलच असं नाही. वितळवलेल्या सिलिकाच्या दोन चकत्या वेगळ्या घ्या. २५ अंशांना १.३८ च्या जवळचा आकडा आला तरच पुढे जा.

नमुना करण्यातच निम्मी मेहनत. दाणेदार स्लॅग ओली असते, म्हणून आधी १०५ अंशांना वाळवा आणि लोखंडाचे मणी चुंबकाने काढा. ते राहिले तर प्लॅटिनमची मूस खराब होते. १४५० ते १५०० अंशांना वितळवून तापवलेल्या धातूच्या साच्यात ओता, लगेच ७३० अंशांच्या आसपास दोन तास ठेवा आणि मिनिटाला एक अंश या गतीने उतरवा. पावसाळ्यात ह्या उतरणीत वीज गेली की चकतीचे चार तुकडे ठरलेले. मोजणीला दहा सेकंद लागतात, तिथे वीज फारसा त्रास देत नाही. यूपीएस मापकाला नव्हे, भट्टीच्या नियंत्रकाला लावा. चकती ६०० ग्रिटच्या (बारीक) पॉलिश कागदापर्यंत घासायची. प्रोबला ग्रीस लावायचं नाही.

खड्ड्यात सावकाश थंड झालेली स्लॅग स्फटिकी खरी, पण बुडबुड्यांनी भरलेली. तिचा कच्चा आकडा छापू नये. छिद्रांचा वाटा १० टक्के असेल तर छिद्रांचा परिणाम काढून टाकणाऱ्या मॅक्सवेलच्या सूत्रानुसार, मोजलेला आकडा ०.८६ ने भागा. हे न करता ‘स्फटिकी स्लॅग काचेपेक्षा कमी वाहक’ असा निष्कर्ष काढलेला दिसतो. घट्ट नमुन्यात गोष्ट उलटी असते: मेलिलाइट या स्लॅगमधल्या खनिजाच्या शिस्तशीर जाळीतून उष्णता काचेपेक्षा सहज जाते.

जास्तीचे पैसे देऊन मिळणारा अभ्रकाचा प्रोब आणि भट्टी यांच्याबद्दल मात्र नाराजी आहे. अभ्रकाचा प्रोब जाड नि ताठ असल्याने नीट टेकत नाही, आणि पहिल्याच तापवणीत त्याच्यातलं चिकटद्रव्य जळून धूर येतो. नायट्रोजन किंवा आर्गॉन नसेल तर ५०० अंशांवर जाऊ नये. जाहिरातीत १००० अंश लिहितात. ते स्फटिकी चकतीला ठीक, पण काचमय स्लॅग ७५० च्या आसपास मऊ पडून प्रोबला चिकटते आणि ९०० च्या पुढे स्वतःच स्फटिकू लागते. तिथला आकडा ना काचेचा, ना स्फटिकाचा. शिवाय ५०० च्या वर काचेतून प्रारणानेही (अवरक्त किरणांच्या रूपात) उष्णता जाते, म्हणून वाहकता फुगलेली दिसते. लोह कमी असलेल्या झोतभट्टीच्या स्लॅगमध्ये हे जास्त जाणवतं.

विशिष्ट उष्मा (पदार्थ एक अंश तापवायला लागणारी उष्णता) हे यंत्र ‘फुकटात’ देतं, पण त्यावर विसंबू नका. वाहकता आणि विसरणक्षमता या दोघींच्या चुका त्यात एकत्र येतात. त्यासाठी डीएससी (नमुना तापवताना शोषलेली-सोडलेली उष्णता मोजणारी चाचणी) करून घ्या: झाकण लावलेली प्लॅटिनमची कुपी, २० ते ३० मिलिग्रॅम पूड, तुलनेला नीलमणी आणि वायू आर्गॉन. हवेत केलं तर स्लॅगमधला कॅल्शियम सल्फाइड ऑक्सिजन घेतो, वजन वाढतं आणि आलेखावर नसलेला उष्णताक्षेपी उंचवटा उमटतो.

खरेदी करताना भट्टीऐवजी ३.२ मिलिमीटरचे दोन जादा कॅप्टॉन प्रोब मागून घ्या. स्लॅगच्या चकतीची एखादी धारदार कड राहिली की पापुद्रा फाटतो, आणि दुरुस्ती होत नाही.