एअर रायफलवर काढता-घालता माउंट: आठ महिन्यांत झीरो किती टिकला

दसऱ्याला एअर रायफलवर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, चढवला, आता पावसाळा तोंडावर आलाय. वहीतल्या नोंदीप्रमाणे या काळात तो स्कोप मी सव्वीस वेळा रायफलवरून उतरवला आणि परत बसवला. हौस म्हणून नाही. नोकरी पुण्यात, घर चिपळूणजवळ, आणि डिकीतल्या रायफलवर स्कोप तसाच ठेवून कुंभार्ली घाट उतरायची माझी छाती होत नाही. शिवाय स्कोप वर असला की कव्हरची चेनच लागत नाही. म्हणून लिव्हरवाला माउंट, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणारी बैठक, घेतला. दोन लिव्हर उघडल्या की रिंगांसकट स्कोप हातात येतो. घेताना मनात एकच शंका होती, जुळवून ठेवलेलं निशाण, म्हणजे झीरो, टिकून परत बसवल्यावर छर्रा जुन्याच जागी जाईल का?

जातो. पण पहिला दीड महिना जात नव्हता, आणि त्यात माउंटचा दोष फार थोडा होता.

आधी सामान सांगतो. साधी ब्रेक-बॅरल स्प्रिंगर (नळी मोडून आतली स्प्रिंग आवळायची रायफल), .१७७ इंची छर्ऱ्याची, वीस जूलच्या ताकदीच्या आतली, म्हणजे परवाना न लागणारी. वर ११ मिमीची डव्हटेल (रायफलवरच कोरलेली पट्टी), तिच्यावर पिकॅटिनी रेलचा, म्हणजे आडव्या खाचांच्या पट्टीचा, अडॅप्टर, त्यावर एकसंध लिव्हर माउंट, आणि त्यात ३-९×४० चा (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, ४० मिमी काचेचा), पुढची काच फिरवून अंतर जुळवता येणारा स्कोप. अंतर २५ मीटर. चिऱ्याच्या गडग्यापुढे वाळूचं पोतं, पोत्यावर कागद. (पोतं न ठेवता थेट गडग्यावर मारू नका, छर्रा उलटून येतो. माझ्या पायजम्याला विचारा.)

स्प्रिंगर हा स्कोपचा काळ असतो, हे लोक सांगतात पण का ते सांगत नाहीत. ट्रिगर ओढला की आवळलेली स्प्रिंग सुटते, जड पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे ढकलली जाते. हा धक्का बंदुकीसारखाच. पण सिलिंडरच्या टोकाशी कोंडलेल्या हवेवर पिस्टन आपटून थबकतो, तेव्हा तीच रायफल पुढच्या बाजूला दणका खाते. बंदुकीसाठी केलेला स्कोप मागच्या धक्क्याच्या हिशेबाने बांधलेला असतो. हा उलटा दणका त्याच्या आतल्या काचांना सोसत नाही. म्हणून मोठ्या बोअरच्या बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोपसुद्धा स्प्रिंगरवर महिन्याभरात मान टाकू शकतो.

माझी पहिली चूक इथेच झाली. माउंट लावताना तो पुढे दाबून धरायचा आणि मग लिव्हर बंद करायची, असं सगळीकडे वाचलं होतं. पिकॅटिनीच्या आडव्या खाचा साधारण सव्वापाच मिलिमीटर रुंद असतात आणि माउंटचा आडवा दांडा त्याहून किंचित बारीक, त्यामुळे बसवताना थोडी हालचाल राहतेच. मी इमानदारीत पुढे दाबत होतो आणि प्रत्येक वेळी पहिले आठ-दहा छर्रे भरकटत होते. मग डोक्यात प्रकाश पडला की तो सल्ला बंदुकीचा आहे. बंदूक मागे जाते, स्कोप जडपणामुळे जागेवरच राहू बघतो, म्हणजे रेलवर पुढे सरकतो. स्प्रिंगरचा खरा दणका पुढचा, म्हणून इथे स्कोप मागे सरकतो. मी पुढे दाबून बसवलेला माउंट दर छर्ऱ्यागणिक खाचेच्या मागच्या भिंतीकडे सरकत होता, आणि सरकताना जबडा जरासा तिरका होत होता. मागे दाबून बसवायला लागलो आणि ती भानगड संपली. अडॅप्टरचीही तीच गत. त्याखालची, घसरण अडवणारी स्टॉप पिन रिसीव्हरवरच्या (रायफलच्या धडावरच्या) भोकात उतरलीय ना, हे आधी बघा. ती अधांतरी असेल तर वरचा माउंट कितीही चांगला असून उपयोग नाही.

जानेवारीत एका सकाळी, वारा नसताना, बसून नीट परीक्षा घेतली. आधी स्कोपला हात न लावता दहा छर्रे: सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर २६ मिमी. मग दर छर्ऱ्यानंतर स्कोप काढून, टेबलावर ठेवून, परत बसवून दहा: ३४ मिमी, आणि अख्ख्या ग्रुपचा (भोकांच्या घोळक्याचा) मध्य पाच मिमी उजवीकडे. माझ्या स्कोपची एक क्लिक, म्हणजे निशाण सरकवायच्या बटणाचा एक टप्पा, कोनाच्या पाव मिनिटाची, २५ मीटरवर सुमारे १.८ मिमी. म्हणजे फरक तीन क्लिकचा. मार्चमध्ये हेच परत केलं तर २७ आणि ३१, आणि मध्य तीन मिमी डावीकडे. दोन्ही वेळा बाजू वेगळी, म्हणजे माउंट एका बाजूला ओढत नाहीये. माझ्याच हाताच्या पसाऱ्यात तो फरक बुडून जातो. पेपर टार्गेटच्या स्पर्धेत उतरणाऱ्याला हे चालणार नाही, मला पेल्याएवढ्या पत्र्याच्या डब्या पाडायला पुरतं.

लिव्हरचा ताण मात्र महत्त्वाचा. नट सैल असला तर लिव्हर बोटाने बंद होते आणि मनाला बरं वाटतं, पण पकड नसते. फार आवळला तर ॲल्युमिनियमच्या रेलच्या कडेला व्रण उठतो. माझ्याकडे अंगठा नीट दुखेल इतक्या जोराने बंद होते, तिथे नटवर बायकोच्या नेलपॉलिशची रेघ मारून ठेवलीय. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. दोन्ही लिव्हर आलटून-पालटून थोड्या थोड्या बंद करायच्या, आधी मागची की आधी पुढची हेही ठरलेलं. सव्वीसपैकी ज्या तीन वेळा झीरो मुळीच जागेवर आला नाही, त्यातल्या दोन वेळा मी गप्पा मारत बसवला होता.

तिसऱ्या वेळेची गोष्ट वेगळी. फेब्रुवारीत आंबा मोहरलेला, अंगणात सगळीकडे मोहोर गळत होता. स्कोप लावला, पहिला छर्रा दोन बोटं वर. दुसरा वर, तिसराही वर. टरेटला (निशाण सरकवायच्या बटणाला) हात लावणार इतक्यात माउंट उतरवून बघितला, तर मागच्या पकडीखाली मोहोराचा चपटा झालेला देठ. हिशोब करून बघा: माझ्या माउंटच्या दोन पकडींमध्ये दहा सेंटीमीटर अंतर आहे. मागची बाजू ०.१ मिमीने उचलली, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढी, की २५ मीटरवर निशाण २५ मिमीने वर. त्या दिवसापासून जुना टूथब्रश बॅगेत असतो आणि बसवण्याआधी रेलवरून फिरतोच.

ज्याला मी "झीरो गेला" म्हणत होतो, त्यातलं बरंचसं या माउंटच्या बाहेरचंच निघालं. स्टॉकचे (दस्त्याचे) पुढचे दोन स्क्रू स्प्रिंगरवर आपोआप सुटतात. डिसेंबरमध्ये मी चार दिवस स्कोपला शिव्या घालत होतो आणि स्क्रू अर्धा आटा सैल होता. तेलपाणी केल्यावर पहिले काही छर्रे फटाक्यासारखे वाजतात, सिलिंडरमध्ये तेल जळतं, तेव्हा झीरो बघूच नये. आणि सर्वांत वाईट म्हणजे आधीचा स्वस्त स्कोप. त्याला क्लिक दिल्या तर काहीच हलायचं नाही, मग दोन-तीन छर्ऱ्यांनी एकदम उडी. ब्रेक-बॅरलची नळी किंचित खाली झुकलेली असते, ते भरून काढायला मी उंचीचा टरेट जवळजवळ शेवटापर्यंत फिरवला होता, आणि त्या टोकाला आतल्या स्प्रिंगमध्ये जीव उरत नाही. आता मागच्या रिंगखाली कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी आहे आणि टरेट मधोमध.

शेजारचे काका दर खेपेला येऊन बसतात. "एवढं मोजमाप कशाला करतोस रे, त्या वानरांना घाल की दोन, नारळ ठेवत नाहीत." नाही घालणार. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि .१७७ च्या छर्ऱ्याने वानर सहसा लगेच मरत नाही, जखम घेऊन चार दिवस झाडावर विव्हळतं. काका मान हलवतात आणि एक डबी मागून घेतात. उघड्या माशीवर, स्कोपशिवाय, ते माझ्यापेक्षा बरं मारतात. माउंट झटकन उतरतो याचा हा एक अनपेक्षित फायदा.

तक्रार एक आहे. कोकणच्या हवेत मागच्या लिव्हरच्या पिनेवर तांबूस ठिपके दिसायला लागलेत, तेही पाऊस सुरू व्हायच्या आधी. परवा ग्रीसचा पुसट हात फिरवला आणि स्कोप सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवला, नाहीतर काचेवर बुरशीची जाळी धरते. रायफल तेल लावून कपाटात गेलीय. नेलपॉलिशची रेघ अजून शाबूत आहे. गणपतीला घरी गेलो की पहिले पाच छर्रे कुठे जातात ते वहीत लिहीन.