मणी आणि चुंबकवाला गुणसूत्रांचा किट: विभाजन एक नंबर, गुणांची कार्डं फेकून द्या

भाचीला आनुवंशिकतेचा धडा डोक्यावरून जात होता म्हणून मागवला. पुस्तकातल्या आकृतीत सगळं आधीच होऊन गेलेलं असतं ना, कुठलं गुणसूत्र (पेशीतला जनुकं वाहून नेणारा धागा) कुठून निघालं नि कुठे गेलं ते दिसतच नाही, मग पोरं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. इथे निदान हाताने ओढायचं असतं.

डब्यात एकमेकांत टचकन अडकणारे प्लास्टिकचे मणी आहेत, लाल म्हणजे आईकडून आलेलं, पिवळं म्हणजे वडिलांकडून. मध्ये सेंट्रोमियरच्या जागी, म्हणजे गुणसूत्राच्या दोन नकला जिथे जोडलेल्या असतात तिथे, चुंबक, त्याला ओढायला दोरे, पेशी छापलेली एक चटई, आनुवंशिक गुणांची कार्डं आणि एक पुस्तिका. माळांच्या जोड्या तीनच, त्यातली तिसरी एक्स-वायची, म्हणजे मुलगा की मुलगी ठरवणारी. माणसाच्या २३ जोड्या दिल्या असत्या तर मणी गोळा करण्यातच दिवस गेला असता, त्यामुळे तीनबद्दल तक्रार नाही.

आता खरी मजा. बीजांड किंवा शुक्राणू बनतानाच्या पेशीविभाजनाआधी प्रत्येक माळेची एक नक्कल करायची आणि दोन्ही चुंबकाने चिकटवून ठेवायच्या. मग लाल आणि पिवळी जोडी शेजारी शेजारी मांडायची आणि दोरे ओढायचे. पहिल्या फेरीत जोडीदार वेगळे होतात पण नकला चिकटलेल्याच राहतात, दुसऱ्या फेरीत त्या नकला सुटतात. सगळ्यांची गाडी अडते ती नेमकी इथे, आणि चुंबक सुटल्याचा तो टक आवाज ऐकला की वेगळं समजवावं लागत नाही. भाचीनेच विचारलं, पहिल्या जोडीची लाल माळ डावीकडे गेली तर दुसरीचीही लालच डावीकडे जायला हवी का? नाही ना, प्रत्येक जोडी स्वतंत्र. म्हणून तीन जोड्यांच्या वाटणीचे ८ प्रकार होतात आणि २३ जोड्यांचे ८३,८८,६०८, तेही एकाच पालकाचे. चौऱ्याऐंशी लाखांच्या फेऱ्याला थोडेच कमी!

आणि हे क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे जोडीदारांमधली तुकड्यांची अदलाबदल, न धरता. ते पण किटमध्ये करता येतं, लाल माळेच्या टोकाचे मणी काढून पिवळीला लावायचे, पिवळीचे लालला. मग जी माळ बीजांडात जाते ती अर्धी लाल अर्धी पिवळी, म्हणजे आई आपल्याला जे गुणसूत्र देते ते तिच्या आईचं किंवा तिच्या वडिलांचं जसंच्या तसं नसतं, दोघांचे तुकडे जोडलेलं असतं. म्हणूनच एका घरातली सख्खी भावंडं इतकी वेगळी निघतात, आणि एका आजीकडून आपल्याकडे बरोब्बर पाव हिस्साच येईल असं नसतं, थोडं कमीजास्त होतं. पूर्ण किटमध्ये मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, आणि पुस्तिकेत तिला दोन ओळी. कमाल आहे.

पुस्तिका एकूणच घाईत उरकलीय. मेंडेलचे वाटाणे झाले की थेट डीएनए. अहो मधलं काय? मेंडेलने १८६६ साली निबंध छापला तेव्हा त्याला गुणसूत्रांचा पत्ताही नव्हता. पुढे १९०२-०३ च्या सुमारास सटनने नाकतोड्याच्या पेशी बघून आणि बोव्हेरीने सी अर्चिन या समुद्री प्राण्याच्या भ्रूणांवरून म्हटलं की गुण पुढे नेणारे मेंडेलचे ते घटक या गुणसूत्रांवरच बसून जातात. १९१० मध्ये मॉर्गनला पांढऱ्या डोळ्यांची एक नर माशी सापडली आणि तो गुण एक्सवरून जातो हे दिसलं. हे एक पान टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?

कार्डांवर मात्र खरंच राग आला. जीभ गुंडाळता येणं म्हणजे एक प्रभावी जनुक (एकच प्रत आली तरी दिसणारं), निळे डोळे म्हणजे एक अप्रभावी जनुक (आईबाबा दोघांकडून आलं तरच दिसणारं), असं बिनधास्त छापलंय. जिभेचं तर केव्हाच मोडीत निघालंय, हुबेहूब जुळ्यांमध्येही एकाला येतं आणि दुसऱ्याला येत नाही असं १९५२ मध्येच दिसलं होतं. डोळ्यांच्या रंगात १५ व्या गुणसूत्रावरची दोन जनुकं मोठं काम करतात पण बाकीची बरीच लुडबूड करतात. एखाद्या पोराने घरी जाऊन आईबाबांची जीभ तपासली आणि नको ती शंका काढली तर कोण निस्तरणार? त्यापेक्षा रक्तगट घ्या ना, एबीओचं जनुक ९ व्या गुणसूत्रावर, आई ए आणि बाबा बी असले तरी दोघांकडे ओ लपलेला असेल तर मूल ओ गटाचं होऊ शकतं. मी कोऱ्या कागदाची तशी कार्डं करून घेतली, मस्त चालतात.

अजून एक, वायची माळ एक्सइतकीच लांब दिलीय. खरा वाय एक्सच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो. हे छोटं वाटेल पण रंगांधळेपणा मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त का दिसतो ते यावरच तर कळतं, एक्सवर बिघडलेलं जनुक आलं तर त्याला झाकणारा जोडीदार वायवर नसतोच. आणि बाबांचा एक्स मुलाकडे जातच नाही, त्यामुळे हा दोष मुलाला आला तर तो आईकडूनच. उपाय सोपा आहे, वायचे मणी काढून टाका.

डाऊन सिंड्रोमचा खेळ चांगला जमलाय. दोन्ही जोडीदार मुद्दाम एकाच बाजूला ओढायचे, मग त्या बाजूला एक जास्त आणि दुसरीकडे एकही नाही. दुसऱ्या पालकाची एक धरून २१ व्या गुणसूत्राच्या तीन प्रती कशा होतात ते समोर दिसतं. आईचं वय वाढलं की हे जास्त का होतं, तर बीजांडं तिच्या जन्माआधीच पहिल्या विभाजनात अडकून राहतात आणि अनेक वर्षांनी पुढे सरकतात, हे मात्र तुम्हालाच सांगावं लागेल.

पाचपैकी साडेतीन. दोरे तकलादू आहेत, बदलून जाड लावा. आणि चुंबक सुटे होतात, घरात रांगतं मूल असेल तर खेळ संपला की मोजूनच डब्यात ठेवा, दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याला धोका असतो.