दातोंगच्या ट्रिपचं पॅकेज घेतलं आणि कसे फसलो, चायना प्लॅन करणाऱ्यांनी वाचा

सरळ मुद्द्यावर येते. दातोंग हे उत्तर चीनमधलं, शांशी प्रांतातलं जुनं शहर. तिथलं आम्हा चौघांचं लँड पॅकेज, म्हणजे विमान आणि व्हिसा फी सोडून बाकी सगळं, एका एजंटकडून घेतलं, एक लाख चाळीस हजार रुपये आगाऊ भरले आणि हातात पडलं काय तर पंधरा-पंधरा युआनची चार तिकिटं आणि अर्धेच पैसे मिळालेला एक ड्रायव्हर. नाव लिहीत नाही, एक तर तक्रार चालू आहे आणि दुसरं म्हणजे नाव तो बदलतोच, नंबर पण बदलतो, पद्धत तीच राहते, म्हणून पद्धतच लिहिते.

आता दातोंगच का, तर आमच्या बाबांना (सासरे) लेण्यांचं वेड. अजिंठा-वेरूळ त्यांना अंगणासारखं, तिथल्या गाइडला पण मध्येच थांबवून दुरुस्त्या सांगतात. दातोंगपासून साधारण १६ किलोमीटरवर युनगांगची बौद्ध लेणी आहेत, इसवी सन ४६० च्या सुमारास कोरायला सुरुवात झालेली, तेव्हा हे शहर उत्तर वेई घराण्याची राजधानी होतं. मोठ्या गुहा ४५ आणि लहानमोठ्या मूर्ती ५१ हजारांच्या घरात. शिवाय जवळच कड्याला चिकटवल्यासारखं ते लटकतं मंदिर, फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, इंग्लिशमध्ये हँगिंग टेंपल म्हणतात. बीजिंगहून फास्ट ट्रेनने दोन-सव्वादोन तास. कागदावर एकदम सोपं.

पण चायनाचं प्लॅनिंग आपल्यासाठी जरा किचकटच आहे हे मान्य करायला हवं. गुगल चालत नाही, यूपीआय चालत नाही, बऱ्याच ठिकाणची तिकिटं वीचॅटच्या (त्यांचं व्हॉट्सॲपसारखं ॲप) आतल्या पानांवर आणि तीही चिनी भाषेत, आणि सगळीकडे पासपोर्ट नंबर टाकून नावानिशी बुकिंग. याच धास्तीवर ही मंडळी पोट भरतात. हा माणूस एका ट्रॅव्हल ग्रुपमधून कळला, मराठी बोलणारा, फोनवर एकदम गोड, "ताई तुम्ही फक्त बॅगा भरा, तिकडे आपली माणसं आहेत." आयटिनररी पण अर्ध्या तासात आली, पीडीएफ, वर सोनेरी ड्रॅगन वगैरे.

त्या आयटिनररीतल्या दोन गोष्टी सांगते, कारण नुसता नकाशा आणि थोडी माहिती असली तरी त्या तिथल्या तिथे पकडता येतात.

एक, बाबा मूळचे सोलापूरचे, त्यांनी सहज विचारलं की डॉ. कोटणीसांची (सोलापूरचेच, युद्धात चिनी जखमींवर उपचार करता करता तिथेच वारलेले) समाधी बघता येईल का. हा लगेच, "हो काका, दातोंगला जाताना वाटेत करून टाकू." अरे वाटेत कुठे! समाधी आहे शिजियाझुआंगला, शहीद स्मारकाच्या आवारात, आणि ते शहर बीजिंगच्या दक्षिणेला, जवळपास तीनशे किलोमीटर, तर दातोंग पश्चिमेला. म्हणजे पुण्याहून नाशिकला जाताना वाटेत सोलापूर करू म्हणण्यासारखं. याला जागा माहीतच नव्हती, गिऱ्हाईक जे विचारेल त्याला हो म्हणायचं एवढाच धंदा.

दोन, "यिंगश्येनचा लाकडी पॅगोडा, वरच्या मजल्यापर्यंत चढून व्ह्यू." हा पॅगोडा १०५६ सालचा, ६७ मीटर उंच, सगळा लाकडाचा, आणि एका बाजूला कललाय म्हणून वरचे मजले पब्लिकला कधीचे बंद आहेत, फक्त खालचा मजला बघायला मिळतो. म्हणजे जे कोणालाच मिळत नाही ते पण याच्या पॅकेजमध्ये इन्क्लूडेड होतं.

तारखा पण त्याने १ ऑक्टोबरच्या सुचवल्या होत्या, "तेव्हा रेट चांगले मिळतात" म्हणून. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिवस, तिथून पुढचा आठवडा अख्खा देश फिरायला निघालेला असतो, हॉटेलं दुप्पट-तिप्पट. ते आम्ही ऐकलं नाही, सप्टेंबरच धरला, आणि ते नशीबच म्हणायचं.

आता पैसे कसे काढले ते. अर्धे बुकिंगला. खातं कंपनीचं नाही, कुणाच्या तरी वैयक्तिक नावाचं, कारण काय तर "कंपनीचं अकाउंट ऑडिटमध्ये अडकलंय." मग प्रवासाला अजून दोन महिने असताना त्याने ट्रेनची "कन्फर्म तिकिटं" पाठवली, चौघांची नावं, गाडी नंबर, डबा, सीट, क्यूआर कोड, सगळं चकाचक. आणि त्यावर लगेच मेसेज की आता उरलेले पैसे आजच्या आज द्या, हँगिंग टेंपलचा कोटा लॉक करायचाय, उद्या मिळणार नाही. तिकिटं हातात आहेत म्हटल्यावर नवऱ्याने उरलेले पण पाठवले.

आता ही तिकिटं बघा. चीनमध्ये रेल्वेची विक्री उघडते फक्त १५ दिवस आधी. दोन महिने आधी कन्फर्म सीट नंबर असूच शकत नाही, कोणाकडेच, कितीही ओळखी असोत. वरून आमच्या सीट होत्या १२डी, १२ई, १२एफ आणि १३एफ. लेकीने हॉस्टेलवर बसून कुठल्यातरी ब्लॉगरचा व्हिडिओ बघता बघता फोन केला, "आई, यांच्या गाडीत ई सीटच नसते गं." आणि खरंच नसते! सेकंड क्लासला ए, बी, सी एकीकडे आणि डी, एफ दुसरीकडे, मध्ये ई नाहीच. आमचे बाबा बहुतेक खिडकी आणि पॅसेजच्या मधल्या हवेत बसून जाणार होते.

एजंटला विचारलं तर "टायपिंग मिस्टेक." मग आम्ही १२३०६ हे त्यांच्या रेल्वेचं सरकारी ॲप घेतलं, त्याला इंग्लिश आहे, पासपोर्टचा फोटो टाकून खातं व्हेरिफाय करायला थोडा वेळ लागतो पण होतं. तिथे आमच्या पासपोर्टवर काहीही नाही. त्याचं म्हणणं "ग्रुप बुकिंग आहे, तुमच्या ॲपला दिसणार नाही." तिकडे कागदी तिकीट लागतच नाही, स्टेशनच्या गेटवर पासपोर्टच दाखवायचा असतो आणि तिकीट त्याच नंबरला जोडलेलं असतं, त्यामुळे ग्रुप वगैरे सगळी बंडलबाजी. पैसे परत मागितले तर कॅन्सलेशन चार्ज शंभर टक्के, आणि दोन दिवसांनी फोन उचलणंच बंद, फक्त मेसेजला "इन मीटिंग". विमानाची तिकिटं आणि व्हिसा आमचा आम्ही केलेला होता म्हणून ट्रिप रद्द केली नाही. ट्रेनची तिकिटं विक्री उघडल्या दिवशी आम्हीच काढली, पंधरा मिनिटांचं काम.

हॉटेलची गंमत तिथे पोचल्यावर कळली. व्हिसाच्या कागदांत हॉटेल बुकिंग लागतं, ते त्याने दिलं होतं, अगदी खरं, आम्ही साइटवर नंबर टाकून बघितलं पण होतं. जुन्या तटबंदीच्या आतलं छान हॉटेल. रिसेप्शनवरच्या पोरीने पासपोर्ट घेतले, बराच वेळ स्क्रोल केलं आणि मग स्क्रीनच आमच्याकडे फिरवला: बुकिंग कॅन्सल्ड, तारीख आमचा व्हिसा आला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. फ्री कॅन्सलेशनवालं बुकिंग करायचं, व्हाउचर पाठवायचं, व्हिसा झाला की उडवायचं, एक रुपया खर्च नाही. बुकिंग खरं आहे का हे आपण एकदा बघतो आणि निर्धास्त होतो, निघायच्या आदल्या आठवड्यात परत कोण बघतं! हॉटेलला थेट एक ईमेल टाकला असता तरी कळलं असतं. असो, रूम शिल्लक होती, आमच्या पैशाने घेतली. तट मात्र बघण्यासारखा आहे, जरी त्याचा बराच भाग गेल्या पंधरा-वीस वर्षांत नव्याने बांधून काढलेला असला तरी, बाबा तर नाराजच होते, "नवी वीट आहे ही" म्हणून प्रत्येक बुरुजाला बोट लावून बघत होते. त्यापेक्षा आत शहरातली ती नऊ ड्रॅगनची भिंत, १३९२ सालची, ४५ मीटर लांब, ती खरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर मात्र आला! आम्हालाच धक्का बसला. पन्नाशीचा माणूस, गाडी स्वच्छ, भाषेचा पत्ता नाही. हँगिंग टेंपल दातोंगपासून ६०-६५ किलोमीटर, हुनयुआन तालुक्यात म्हणा, हंगशान पर्वताच्या पायथ्याशी. निम्म्या वाटेत त्याने एका नूडल्सच्या टपरीपाशी गाडी लावली (आमच्या "व्हेज लंच इन्क्लूडेड" बद्दल त्याला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं, टोमॅटो-अंड्याच्या नूडल्स मिळाल्या, बाबांनी नुसतं काकडीचं सॅलड आणि वर शांशीचं ते काळं व्हिनेगर), आणि मोबाइलच्या ट्रान्सलेटरवर हिंदीत बोलून दाखवलं: "आपके आदमी ने जाने का पैसा दिया है, आने का नहीं दिया." मग वीचॅटवरचं चॅट उघडून दाखवलं. त्यात कोणी तिसराच मधला माणूस, त्याने याला ३०० युआन टाकलेले, आणि पुढचे "पाहुणे देतील" असं लिहिलेलं. एजंटने आमच्याकडून गाडीचे लावले होते २२ हजार रुपये. त्या ड्रायव्हरचा चेहरा असा पडलेला होता की त्यालाच जास्त लाज वाटतेय. परतीचे पैसे आम्ही अलिपेवरून (तिकडचं पेमेंट ॲप) दिले, इंडियन क्रेडिट कार्ड त्याला जोडता येतं, २०० युआनच्या वरच्या पेमेंटला ३ टक्के कापतात एवढंच.

आणि आता मुख्य. या मंदिराला दोन तिकिटं असतात हे जाणाऱ्या प्रत्येकाने डोक्यात कोरून ठेवा. एक आवाराचं, १५ युआन, त्यात खाली उभं राहून मान वर करून बघायचं. दुसरं वर चढायचं, १०० युआन वेगळे, रोज मोजकीच माणसं सोडतात, पासपोर्टच्या नावावर, आणि थोडे दिवस आधी ऑनलाइन सुटलं की सीझनला पटापट संपतं. आमच्या पॅकेजमध्ये शब्द होता "हँगिंग टेंपल एंट्री इन्क्लूडेड", माणशी साडेतीन हजार रुपये. वर जायच्या गेटवर बाईंनी पासपोर्ट मशीनवर ठेवला, मशीन काही बोलेना, दुसरा ठेवला, तेच. मग त्यांनी फक्त खालच्या दिशेला हात केला. एंट्री खरंच होती, आवाराची. वाक्य खोटं नव्हतं आणि हीच त्याची हुशारी. त्या दिवसाची वरची तिकिटं संपलेली होती.

सन ४९१ मधलं मंदिर, बुद्ध, लाओत्से आणि कन्फ्युशियस तिघांच्या मूर्ती एकाच दालनात, ते बघायला बाबा एवढ्या लांब आले आणि खाली नदीपात्राशी उभे राहून लोकांच्या रांगा वरच्या लाकडी गॅलरीतून सरकताना बघत राहिले. "खालून बरं दिसतं" म्हणाले. मला त्या क्षणी त्या एजंटला तिथूनच खाली ढकलावंसं वाटलं, खरं सांगते.

युनगांग सुदैवाने नीट पार पडलं. तिथे याने "व्हीआयपी फास्ट एंट्री विथ गाइड" लावलं होतं, गाइड अर्थात आलाच नाही, आम्ही सरळ काउंटरवर पासपोर्ट देऊन सीझनचे १२० युआन भरले आणि आत. २० नंबरचा तो उघड्यावरचा बुद्ध, साडेतेरा मीटरच्या वर उंच, त्याच्यासमोर बाबा असे बसले की उठेनातच. अजिंठ्याचा विषय निघाला, मग काय, दुपार तिथेच गेली. शिजियाझुआंग पण केलं, बीजिंगला परत येऊन तिथून वेगळ्या ट्रेनने, तास-सव्वा तास लागतो.

घरी आल्यावर हिशोब काढला तेव्हा अजून एक सापडलं. बिलात त्याने टीसीएस (विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन सरकारला भरायचा आगाऊ आयकर) म्हणून वेगळी रक्कम घेतली होती. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस लागतोच, त्यात काही चूक नाही, पण तो आपल्या पॅनवर जमा व्हायला हवा आणि २६एएस मध्ये (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचं आयकर खात्याचं पत्रक) दिसायला हवा. आमच्याकडून त्याने पॅन मागितलाच नव्हता! पॅनशिवाय जमा कुणाच्या नावावर करणार होता, देव जाणे. आमच्या सीए म्हणाल्या की नुसतं एवढं बघितलं तरी खरा टूर ऑपरेटर आणि व्हॉट्सॲपवाला यातला फरक कळतो: पॅन मागतो का, बिलावर जीएसटी नंबर आहे का, आणि तो नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की त्याच नावाचा धंदा दिसतो का. आमच्या बिलावरचा नंबर टाकला तर निघालं एक टाइल्सचं दुकान.

तक्रार १९३० वर (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन करून आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर अशी दोन्हीकडे केली. त्यांनी सांगितलं की पैसे गेल्या गेल्या फोन केला असता तर खात्यात असलेली रक्कम गोठवता येते, इतके आठवडे गेल्यावर अवघड असतं. म्हणून ज्यांना नुकतंच असं काही झालंय त्यांनी "थांबू, माणूस बरा वाटतोय, फोन उचलेल" यात दिवस घालवू नका, पहिल्या तासातच फोन करा. चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करायच्या आधी सगळे स्क्रीनशॉट आणि यूपीआयचे ट्रान्झॅक्शन नंबर काढून ठेवा, आमच्याकडे व्हॉइस मेसेज होते तेही घेतले त्यांनी.

आणि कोणाकडे सध्या चायनाच्या ट्रेनची १५ दिवसांच्या आधीची "कन्फर्म" तिकिटं असतील, सीट ई असो की नसो, तर आजच १२३०६ वर खातं काढून बघा. उरलेले पैसे द्यायचे बाकी असतील तर अजिबात देऊ नका. आणि असंच कोणी वैयक्तिक नावाच्या खात्यावर, "ऑडिट" सांगून पैसे घेतले असतील तर खालच्या मेसेजमध्ये खाते नंबरचे शेवटचे चार आकडे तेवढे सांगा, आमच्याशी जुळले तर तक्रारीत जोडून घेऊ, तपास करणारे साहेब म्हणाले की एकाच खात्यावर चार-पाच तक्रारी आल्या की बँकेला लिहायला सोपं जातं.