फुटून निघण्याचा हक्क : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

घटकराज्याला देशातून फुटून निघण्याचा हक्क असावा की नसावा, या एकाच प्रश्नाला वाहिलेला आठ व्याख्यानांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. नोंदणी केली तेव्हा माझे उत्तर ठरलेले होते आणि ते 'नसावा' असे होते. आठ व्याख्यानांनंतर ते फारसे बदललेले नाही. ज्या कारणावर ते उभे होते ते कारण मात्र ढासळले. अभ्यासक्रमाचे हे यशच म्हणायचे, तरीही त्यात काही उणिवा आहेत आणि त्यांतील एक गंभीर आहे.

पहिली दोन व्याख्याने अमेरिकेवर खर्ची पडली आहेत. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायनाने संघातून बाहेर पडल्याची घोषणा केली, पाठोपाठ आणखी दहा राज्ये गेली आणि चार वर्षांच्या युद्धाने तो प्रश्न निकालात काढला, ही हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. व्याख्यात्यांनी ती लवकर आटोपून १८६९ च्या टेक्सास विरुद्ध व्हाइट या खटल्याकडे वळायला हवे होते, कारण खरी गंमत तिथे आहे. खटला मुळात सरकारी रोख्यांच्या मालकीचा होता. पण टेक्सास युद्धकाळातही अमेरिकेचे राज्य होते की नव्हते, हे ठरवल्याशिवाय रोख्यांचा निवाडा होत नव्हता. न्यायालयाने हा 'अविनाशी राज्यांचा अविनाशी संघ' असल्याचे सांगितले, आणि ते वाक्य सर्वत्र उद्धृत होते. त्याच निकालात बाहेर पडण्याचे दोन मार्ग, म्हणजे क्रांती किंवा इतर राज्यांची संमती, मान्य केले आहेत याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. व्याख्याते तिथे थांबतात, हे मला आवडले. संघ हा घटकांमधील करार असेल तर करार मोडता येतो, या फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या युक्तिवादाला दिलेले उत्तर मात्र त्रोटक वाटले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी भारताचा संघ घटकांच्या करारातून निर्माण झालेला नाही, म्हणून कोणत्याही घटकाला त्यातून बाहेर पडण्याचा अधिकार नाही, असे स्पष्ट केले होते. याच वादाचे ते दुसरे टोक. अभ्यासक्रमात त्याचा उल्लेखही नाही.

अभ्यासक्रमाचा गाभा म्हणजे तिसरे ते पाचवे व्याख्यान, आणि ती तिन्ही कॅनडाच्या क्वेबेक प्रांतावर आहेत. वेगळे होण्याच्या प्रश्नावर ३० ऑक्टोबर १९९५ रोजी तिथे झालेल्या सार्वमतात ५०.५८ टक्के मते विरोधात आणि ४९.४२ टक्के बाजूने पडली. अंतर सुमारे ५४ हजार मतांचे होते. व्याख्याते या आकड्यांपेक्षा मतपत्रिकेवरील प्रश्नावर अधिक वेळ देतात, आणि ते योग्यच आहे. कॅनडापुढे नव्या आर्थिक व राजकीय भागीदारीचा प्रस्ताव ठेवल्यानंतर, एका विधेयकाच्या आणि एका कराराच्या चौकटीत, क्वेबेक सार्वभौम व्हावे असे तुम्हांला मान्य आहे का, असा तो लांबलचक प्रश्न होता. 'होय' म्हणणारा नेमके कशाला होय म्हणत होता, हे सांगणे कठीण होते. त्याच्या शेजारी २०१४ चा स्कॉटलंडचा एका ओळीचा प्रश्न ठेवला की फरक आपोआप दिसतो.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट १९९८ रोजी दिलेल्या मताचे विवेचन हा सबंध अभ्यासक्रमातील उत्तम भाग आहे. प्रांताला एकतर्फी बाहेर पडण्याचा हक्क राज्यघटनेतही नाही आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातही नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमताने कौल मिळाला, तर उरलेल्या देशाला वाटाघाटींना बसणे बंधनकारक राहील, असेही म्हटले. 'स्पष्ट' म्हणजे किती टक्के, हे ठरवणे न्यायालयाने राजकारण्यांवर सोपवले, आणि २००० च्या स्पष्टता कायद्यानेही आकडा दिला नाही. हे ऐकताना माझ्या जुन्या मताचा पाया हलला. हक्क म्हणजे उठून चालू लागण्याचा हक्क, असे मी गृहीत धरले होते. समोरच्याला टेबलाशी बसवण्याचा हक्क हा वेगळाच आणि पुष्कळसा सभ्य प्रकार आहे, हे ध्यानात आले नव्हते.

सहाव्या व्याख्यानात घटनेत लिहून ठेवलेल्या कलमांची तुलना आहे. सोव्हिएत संघाच्या १९७७ च्या घटनेतील ७२ वे कलम प्रत्येक प्रजासत्ताकाला मुक्तपणे बाहेर पडण्याचा हक्क देत होते, पण कार्यपद्धती देत नव्हते. ती ठरवणारा कायदा एप्रिल १९९० मध्ये आला, तोवर लिथुआनियाने ११ मार्चला स्वातंत्र्य घोषित केलेले होते. याउलट सेंट किट्स आणि नेव्हिस या चिमुकल्या देशाच्या घटनेत कार्यपद्धती आहे आणि ती वापरलीही गेली. ऑगस्ट १९९८ मध्ये नेव्हिसच्या जवळपास ६२ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले, दोन तृतीयांशाची अट पुरी झाली नाही, आणि बेट संघातच राहिले. मॉन्टेनेग्रोने २००६ मध्ये ५५ टक्क्यांची अट अर्ध्या टक्क्याने ओलांडली आणि तो वेगळा देश झाला. ही दोन उदाहरणे एकापाठोपाठ ऐकल्यावर उंबरठा किती उंच ठेवायचा हा प्रश्न तांत्रिक वाटेनासा होतो.

सातवे व्याख्यान तात्त्विक आहे आणि ते सहज वगळता येईल. घोर अन्याय झाला तरच हक्क मिळावा की केवळ बहुमताची इच्छा पुरे, हा वाद तिथे पाठ्यपुस्तकी थाटात मांडला आहे. त्यात एकच मुद्दा ठसतो : कायमचा उघडा दरवाजा असला की प्रत्येक अर्थसंकल्पीय भांडणात त्याच्याकडे बोट दाखवता येते आणि संघाचे रोजचे राजकारण धमकीवर चालू लागते.

गंभीर उणीव आठव्या व्याख्यानात आहे. मतदानानंतर काय, हा विषय इथे घाईघाईने उरकला आहे. दक्षिण सुदानमध्ये जानेवारी २०११ मध्ये जवळपास ९९ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. पण बहुतेक तेल दक्षिणेत आणि ते समुद्रापर्यंत नेणारी नळवाहिनी उत्तरेत होती. वाहतुकीच्या आकारावरून वाद पेटला आणि २०१२ च्या सुरुवातीला नव्या देशाने स्वतःचे उत्पादनच थांबवले. चेकोस्लोव्हाकियाने मात्र सार्वमत न घेताच १९९३ मध्ये मालमत्ता ढोबळमानाने दोनास एक अशी वाटून घेतली. कर्ज, निवृत्तिवेतन, नागरिकत्व, सैन्याची शस्त्रे यांवर आणखी दोन व्याख्याने सहज झाली असती. अमेरिकेवरील एक कमी केले असते तरी चालले असते.

शेवटच्या स्वाध्यायात प्रत्येकाला एका काल्पनिक संघराज्यासाठी बाहेर पडण्याचे कलम लिहावे लागते, आणि अभ्यासक्रमाची खरी किंमत मला इथे कळली. मी दोन तृतीयांश बहुमत, सात वर्षांच्या अंतराने दोनदा मतदान आणि सक्तीच्या वाटाघाटी असा मसुदा पाठवला. तपासणाऱ्याने समासात एकच प्रश्न लिहून तो परत केला : बाहेर पडणाऱ्या राज्यातील ज्या जिल्ह्यांना राहायचे आहे त्यांचे काय? १९९५ मध्ये क्वेबेकच्या मतदानाआधी काही दिवस तेथील क्री या आदिवासी समाजाने स्वतःचे सार्वमत घेऊन कॅनडापासून वेगळे होण्यास प्रचंड बहुमताने नकार दिला होता, हे मी ऐकूनही विसरलो होतो. स्वित्झर्लंडमध्ये जुरा हा कँटन, म्हणजे तिथले घटकराज्य, वेगळा होताना आधी सर्व प्रदेशाचे, मग जिल्ह्यांचे, मग सीमेवरील गावांचे मतदान झाले. त्या धर्तीवर मी पोटकलम जोडले, तेव्हा मसुदा दुप्पट झाला आणि 'गाव म्हणजे काय' याची व्याख्या करण्यात एक संध्याकाळ गेली.

ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, लिखित प्रत मिळते, प्रश्नमंजूषा मात्र केवळ सनावळीची परीक्षा घेते. कायद्याची पार्श्वभूमी नसलेल्यांनी तिसऱ्या व्याख्यानापासून सुरुवात करावी, सातवे सोडावे आणि वाचलेला वेळ मसुद्याला द्यावा. ज्यांना केवळ होय किंवा नाही असे उत्तर हवे आहे, त्यांनी नोंदणी करू नये.