गूगल अर्थ प्रो: नाशिकच्या धरणांत मोठा मासा शोधायला कितपत उपयोगी?

ऑक्टोबरात गंगापूर भरलेलं असतं आणि तिसगावही. काठावरून दोन्हीकडे पाणी सारखंच दिसतं, त्यामुळे गळ टाकायला कुठे जायचं हे बहुतेक जण रस्ता चांगला कुठे आहे त्यावर ठरवतात. खरा फरक मे महिन्यात दिसतो. ज्या धरणाने उन्हाळ्यात तळ गाठला, तिथली मासळी त्या वर्षी संपली. पुढच्या पावसानंतर सोडलेलं मत्स्यबीज वर्षभरात साधारण किलोभर वजनाचं होतं. अशा पाण्यात दहा किलोचा कटला येणार कुठून? त्याला सलग काही वर्षं न आटणारं पाणी लागतं.

हे न आटणारं पाणी घरबसल्या ओळखायला आमच्या मते सर्वांत चांगलं साधन म्हणजे उपग्रहातून टिपलेली चित्रं दाखवणारं, संगणकावरचं गूगल अर्थ प्रो. पूर्वी त्याला वर्षाला ३९९ डॉलर पडत, जानेवारी २०१५ पासून ते फुकट आहे. पाचपैकी चार गुण देऊ. एक गुण का कापला ते पुढे येईल.

अमेरिकेत लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या मागे लागलेल्यांना एवढा खटाटोप करावा लागत नाही. टेक्सास राज्य १९८६ पासून १३ पौंडांवरच्या, म्हणजे साधारण ५.९ किलोंच्या पुढच्या बासची तलाववार नोंद ठेवतं. लेक फोर्क हा तिथला नावाजलेला तलाव. त्याचं धरण १९८० मध्ये झालं. पाणी भरण्याआधी झाडं उभीच ठेवली आणि फ्लोरिडा जातीचे बास सोडले. १९९२ मध्ये तिथे १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोंचा बास निघाला. कुठला तलाव मोठे मासे देतो हे तिथे यादीतच कळतं. आपल्या धरणांत बास नाही आणि कटला, रोहू, मरळ यांची अशी जाहीर यादीही नाही. म्हणून आपल्याला पाण्याकडूनच अंदाज बांधावा लागतो. बासवरून शिकण्यासारखी गोष्ट एकच: टिकणारं पाणी, दडायला जागा आणि खायला भरपूर लहान मासळी, हे तिन्ही एकत्र असेल तिथेच मासा म्हातारा होतो, आणि म्हातारा झाला तरच मोठा होतो.

आता प्रत्यक्ष काम. व्ह्यू मेनूतून हिस्टॉरिकल इमेजरी सुरू करा आणि वरची पट्टी सरकवत एप्रिल ते जूनमधलं चित्र शोधा. दुष्काळाची वर्षं आधी बघा: २०१६ (त्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं होतं) आणि २०१९. रूलरमधल्या पॉलिगॉनने उरलेल्या पाण्याची कड आखली की क्षेत्रफळ लगेच कळतं. मग त्याच धरणाचं ऑक्टोबर-नोव्हेंबरचं चित्र घेऊन पुन्हा आखा. आमचा ठोकताळा असा, की वाईट वर्षीही पाण्याचा चौथा हिस्सा उरत असेल तर ते धरण यादीत ठेवायचं. नुसता डबक्यांचा माग उरत असेल तर धरण कितीही देखणं असो, सोडून द्यायचं.

क्षमतेच्या आकड्यावर भुलू नका. मुकणे ७,२३९ दलघफू (दशलक्ष घनफूट), दारणा ७,१४९ आणि गंगापूर ५,६३० असलं, तरी आकड्याइतकंच महत्त्व पाणी कोणासाठी आणि कधी सोडतात याला आहे. गंगापूरमध्ये शहराच्या पिण्याचं पाणी राखून ठेवावं लागतं. दारणातून सिंचनाची आवर्तनं सुटतात. तिसगाव जेमतेम ४५५ दलघफूचं, ते तळ गाठतं. काश्यपी (१,८५२) आणि गौतमी गोदावरी (१,८६८) ही कागदावर जवळपास सारखी आहेत, त्यांचं उन्हाळ्यातलं चित्र मात्र वेगवेगळं तपासा.

आता कापलेला एक गुण. यात रेघ मारून उंचीचा आलेख काढता येतो, आणि नवखा माणूस तो धरणावरून काढून खोली वाचू बघतो. आलेख सपाट येतो. उंचीच्या माहितीचा पाया बराचसा फेब्रुवारी २००० मधल्या अंतराळयानाच्या रडार मोजणीचा आहे, आणि रडार पाण्याखाली जात नाही. तेव्हा जिथवर पाणी होतं तिथवर तुम्हाला पाण्याचा पृष्ठभागच दिसतो, तळ नाही. हे कुठे ठळक सांगितलेलं नाही, म्हणून लोक फसतात.

खोलीचा अंदाज दुसऱ्या वाटेने निघतो, आणि ही युक्ती सगळ्यांत मोलाची. पाण्याची कड म्हणजे त्या दिवसाची समपातळी रेषा. एकाच धरणाची नोव्हेंबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार चित्रं घ्या आणि प्रत्येकाची कड वेगळ्या रंगाच्या पाथने आखा. शक्यतो चारही एकाच हंगामातली. तशी मिळाली नाहीत तर त्या त्या तारखेचा धरणसाठा बघून जास्त साठ्यापासून कमी साठ्याकडे क्रम लावा. रेषा एकमेकींना चिकटल्या तिथे उतार तीव्र, म्हणजे काठाजवळच खोल पाणी. कटल्याला काठावरून गाठायची जागा तीच. रेषा दूर दूर गेल्या तिथे उथळ पसरट भाग. गाळ असेल तर तो सायप्रिनसचा (कॉमन कार्पचा), कडेला वनस्पती असेल तर मरळीचा.

मे महिन्याच्या चित्रात आणखी काय काय दिसतं! नदीचं जुनं पात्र, बुडालेल्या विहिरींची गोल तोंडं, दगडी बांध, जुन्या गाडीवाटा, झाडांचे बुंधे. प्रत्येकावर पिन टाका. नंतर भरलेल्या पाण्याच्या चित्रावर रूलरने काठापासून पिनपर्यंतचं अंतर मोजा. काठावरून ४०-५० मीटरपर्यंत गळ नीट पोचतो. त्यापलीकडची पिन होडीवाल्यासाठी.

चुका इथेच होतात. वेगवेगळ्या वर्षांची चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, काही मीटर सरकलेली असतात. म्हणून आधी सांडव्याचा कोपरा किंवा काठावरचं देऊळ दोन्ही चित्रांत जुळवून बघा आणि जेवढा फरक दिसेल तेवढी पिन सरकवा. विहिरीसारख्या लहान जागेला पाच मीटरची चूकही फार. खाली दिसणारी तारीखही जपून घ्या. एकाच धरणाचे दोन तुकडे दोन तारखांचे असू शकतात. पाण्यात सरळ रेघेवर रंग बदलला तर तो सांधा समजा. जलपर्णी वरून हिरव्या शेतासारखी दिसते. प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी गडद निळी दिसतात, त्यांना तलाव समजू नका. पाण्यावर ओळीने चौकोन दिसले तर ते मत्स्यपालनाचे पिंजरे, तिथून लांब राहायचं.

पावसाळ्यात ढगांमुळे चित्रं मिळत नाहीत, आणि एरवीही दोन चित्रांत कित्येक महिने जातात. यातली दुसरी उणीव कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावरच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रांनी भरून निघते; ढग मात्र तिथेही आड येतात. तीही फुकट आहेत आणि साधारण पाच दिवसांनी नवं चित्र येतं. १० मीटरच्या ठिपक्यात विहीर दिसणार नाही, पण पाण्याची कड नक्की दिसते.

शेवटची तपासणी प्रत्यक्ष धरणावर जाऊनच होते. ५०-६० ग्रॅमचं शिसं लावलेल्या दोरीला दर मीटरला गाठ मारा आणि होडीतून पिनेवर खोली मोजा. पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडा. वीतभर खाली जाताच दिसेनाशी झाली तर गढूळपणा जास्त, मरळीला भक्ष्य दिसणं कठीण. जाळ्यांचे तरंगते गोळे मोजा, ते उपग्रहाला दिसत नाहीत. दाट जाळी असतील तर मोठी मासळी आधीच बाजारात गेलेली असते. मच्छीमार संस्थेच्या माणसांना मे महिन्यात सर्वांत मोठा कटला किती किलोचा निघाला ते विचारा. या एका उत्तराने नकाशावरचं निम्मं काम पक्कं होतं. बहुतेक जलाशयांचा मासेमारीचा ठेका संस्थेकडे असतो, त्यामुळे गळ टाकायची परवानगीही त्याच भेटीत मागून घ्या.

दोन गोष्टी मनापासून. नांदूर मध्यमेश्वर वरून बघताना मरळीसाठी स्वर्ग वाटेल, पण ते अभयारण्य आहे आणि रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे पिन टाकूच नका. आणि काठाजवळ तांबूस पिलांचा थवा पाण्यावर येताना दिसला तर त्याखाली राखण करणारी मरळीची जोडी असते. तिच्यावर बेडकाचं आमिष फेकू नका. आईबाप गेले की तो सगळा थवा इतर मासे फस्त करतात.

निघण्याआधी पिना केएमएल (नकाशावरच्या खुणा साठवणाऱ्या) फाइलमध्ये साठवून फोनवर घ्या आणि प्रत्येक जागेचा स्क्रीनशॉटही काढून ठेवा. बॅकवॉटरच्या बऱ्याच कोपऱ्यांत रेंज जाते.