नवेकोरे नको, तेच हवे होते: एका ग्रंथदुरुस्ती कार्यशाळेचा अनुभव

आमच्या आजीचे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, गेल्या पावसाळ्यात मी पुण्यातील एका लहान ग्रंथदुरुस्ती कार्यशाळेकडे सोपवले आणि यंदा ईस्टरच्या आदल्या आठवड्यात ते परत मिळाले. तेथे दोघेच जण काम करतात आणि आधीच हातात असलेले काम त्यांना पुरून उरते. नाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे ते येथे देत नाही. मात्र घरातील जुने पुस्तक दुरुस्तीला देण्याचा विचार करणाऱ्यांनी काय विचारावे आणि काय मागावे, हे या अनुभवावरून कळेल.

ही प्रत पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेल्या भाषांतराची आहे. रमाबाई 1922 साली वारल्या आणि हे भाषांतर 1924 साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले. आमच्या प्रतीची शिवण सुटली होती, पाठीचे कापड गळून पडले होते आणि पाने कडेने पापडासारखी तुटत होती.

याआधी एकदा मी पोळलो आहे. आजोबांचे गायनांचे पुस्तक काही वर्षांपूर्वी एका बाइंडरकडे दिले होते. ‘नवेकोरे करून देतो’ असे तो म्हणाला आणि त्याने शब्द पाळला. पानांच्या कडा यंत्राखाली सरळ कापल्या आणि प्रत्येक पानावर प्लास्टिकचा थर चढवला. नारायण वामन टिळकांच्या पदांशेजारी आजोबांनी पेन्सिलीने लिहिलेले ताल त्या कडांबरोबर गेले. पुस्तक सुंदर दिसते, पण ते आजोबांचे राहिलेले नाही.

या नुकसानीने मला आपल्या भाषेतील काही शब्दांकडे नीट पाहायला लावले. अपघातातून वाचलेल्या माणसाला आपण ‘पुनर्जन्मच झाला म्हणायचा’ असे म्हणतो. वास्तविक पुनर्जन्मात जुना देह, जुने नाव आणि जुनी नाती मागे राहतात. हा माणूस तर त्याच देहाने, टाक्यांच्या खुणा घेऊन, त्याच घरी परतलेला असतो. त्याच्यासाठी नेमका शब्द पुनरुत्थान आहे, पण तो बोलण्यात येत नाही. तो चर्चमध्ये आणि राष्ट्राविषयीच्या भाषणांतच राहिला. नद्या आणि बंद पडलेल्या योजना यांच्या वाट्याला पुनरुज्जीवन आले, तर देवळांच्या वाट्याला जीर्णोद्धार, आणि त्या नावाखाली कित्येकदा जुने देऊळ पाडून नवे उभे राहते. आजी यांपैकी एकही शब्द वापरत नसे. ईस्टरच्या पहाटे ती ‘प्रभू उठला आहे’ एवढेच म्हणे. पुनरुत्थानाचा अर्थही तेवढाच आहे: पुन्हा उठून उभे राहणे. नव्या करारातील अनास्तासिस या ग्रीक शब्दातही उभे राहण्याचीच क्रिया आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात उठलेला येशू थोमा या शिष्याला आपल्या हातांवरील खिळ्यांच्या खुणा दाखवतो. त्या खुणांवरूनच ओळख पटते. आमच्याच जिल्ह्यातील नेवाशाची कथाही अशीच आहे. ज्ञानेश्वरांनी उठवलेले सच्चिदानंदबाबा त्याच देहाने उठले आणि ज्ञानेश्वरी उतरवून घेणारे लेखनिक झाले, असे परंपरा सांगते.

म्हणून कार्यशाळेतील बाईंनी पहिल्याच भेटीत ‘पुस्तक ठेवायचे आहे की वाचायचे आहे?’ असे विचारले, तेव्हा मला धीर आला. वाचायचे आहे, पण खुणा जाता कामा नयेत, असे मी सांगितले. त्यांनी प्रत्येक फाटके पान माझ्यासमोर मोजून घेतले. लाकडाच्या लगद्यापासून केलेला आणि तुरटी-राळेची खळ दिलेला कागद स्वतःतील आम्लामुळेच पिवळा आणि ठिसूळ होत जातो, हे त्यांनी सोप्या शब्दांत समजावले. त्यावर उपाय म्हणजे चुन्याची निवळी: तिच्यातून काढलेल्या पानांतील आम्ल मरते आणि थोडा चुना पुढच्या काळासाठी कागदात शिल्लक राहतो. फाटलेल्या जागा जपानी तुती जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या पातळ कागदाने आणि गव्हाच्या खळीने जोडल्या. आपले जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. त्यातील तांबे कालांतराने कागदालाच खाते, म्हणून येथे ते वापरत नाहीत. ही खळ पाण्याने पुन्हा सोडवता येते, हा तिचा मोठा गुण आहे.

सर्वांत अवघड होते ते घरातील जन्म, लग्ने आणि मृत्यू यांच्या नोंदींचे पान. कोपऱ्यातील एका अक्षरावर पाण्याचा थेंब ठेवून पाहिला, तर शाई पसरू लागली. ते पान निवळीत घालणार नाही आणि त्यामुळे ते इतरांच्या आधी जीर्ण होईल, असे बाईंनी काम सुरू करण्यापूर्वीच स्पष्ट सांगितले. ग्राहकाला असे सांगणारी कार्यशाळा मला विश्वासाची वाटते.

दोन तक्रारी मात्र आहेत. नाताळापर्यंत देण्याचे कबूल केलेले काम ईस्टरपर्यंत लांबले आणि मधल्या काळात प्रत्येक वेळी मलाच फोन करावा लागला. पुठ्ठ्यालगतचे नवे कोरे कागदही फार पांढरे आहेत; पानांच्या रंगाशी जुळणारा कागद मी आधीच मागायला हवा होता. खर्च नव्या पवित्र शास्त्राच्या किमतीच्या कित्येक पटींनी आला, पण जुजबंदी, म्हणजे पानांच्या जुड्यांची शिवण, हाताने उसवून पुन्हा हाताने शिवलेली पाहिल्यावर तो मला जास्त वाटला नाही.

हे काम कायमचे आहे का, असे विचारले तेव्हा बाई ‘नाही’ म्हणाल्या. मला येशूने उठवलेल्या लाजराची आठवण झाली: 4 दिवसांनी कबरेतून बाहेर आलेला तोही पुढे पुन्हा मरणारच होता. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, आडवे ठेवावे आणि नोंदींच्या पानावर यापुढे फक्त पेन्सिलीने लिहावे, अशा तीन सूचना त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिल्या. ईस्टरच्या सकाळी उपासनेहून आल्यावर त्या पानावर भाचीच्या मुलाचे नाव आम्ही पेन्सिलीने लिहिले.